हेराक्लियम : वैरणीचें पीक तण कसें बनलें ?

वैरणीची टंचाई ही कोरडवाहू मुलखांतील शेतकऱ्याची नित्याची अडचण आहे. उन्हाळा कडक झाला, कडब्याचे भाव चढले, म्हणजे कोणी तरी एखादें नवें चाऱ्याचें पीक सुचवितो. एकरीं हिरवें वजन किती, कापण्या किती, पाणी किती कमी लागतें, ह्याचें वर्णन होतें आणि बियाण्याच्या दोनचार पिशव्या गांवांत येऊन पोंचतात. अशा वेळीं त्या पिकाविषयीं कोणते प्रश्न विचारावे, हें शिकविणारा एक मोठा धडा युरोपखंडांत, व विशेषतः रशिया आणि त्याच्या शेजारच्या देशांत, गेल्या शतकांत घडून गेला आहे. ज्या वनस्पतीनें तो धडा दिला ती गाजराच्या कुळांतील असून तिच्या वंशाचें शास्त्रीय नांव हेराक्लियम असें आहे. ह्या लेखांत आम्ही तिची ओळख, तिचा इतिहास, तिच्या रसाचा गुण आणि तिच्या नाशाचे उपाय क्रमानें देतों, व शेवटीं त्यावरून आमच्या शेतकरी बंधूंनीं घ्यावयाचा बोध सांगतों.

कूळ व स्वरूप

गाजराचें कूळ आपल्या स्वयंपाकघराला परकें नाहीं. धने, जिरें, ओवा, बडीशेप, शेपू, हिंग हीं सर्व ह्याच कुळांतलीं. कुळाची मुख्य खूण म्हणजे फुलोरा. फुलावर आलेली कोथिंबीर ज्यानें पाहिली आहे त्यास ती निराळी सांगावयास नको. दांड्याच्या एका टोंकापासून छत्रीच्या काड्यांप्रमाणें अनेक देठ फुटतात, प्रत्येक देठाच्या टोंकाला पुन्हां तशीच लहान छत्री असते व तिच्यावर बारीक फुलें येतात. फळ दोन दळांचें असतें. धना बोटांनीं चोळला म्हणजे त्याच्या दोन फाकी होतात. तशाच ह्या कुळांतील फळांच्या होतात, आणि प्रत्येक फाकींत एकेक बीं असतें. परंतु ह्याच कुळांत घातक वनस्पतीही आहेत. ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिस ह्यास ख्रिस्तपूर्व ३९९ सालीं जो विषाचा पेला देण्यांत आला, तो ह्याच कुळांतील हेमलॉक नांवाच्या वनस्पतीचा होता असें मानतात. तेव्हां केवळ कुळावरून गुण ठरवूं नये, हें प्रथम ध्यानांत ठेवावें.

हेराक्लियम हें नांव ग्रीक पुराणांतील महाबलाढ्य वीर हेराक्लीझ ह्याच्यावरून पडलें आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस ह्यानें १७५३ सालीं हा वंश आपल्या ग्रंथांत नोंदविला. ह्या वंशांतील जाति उत्तर गोलार्धाच्या थंड व समशीतोष्ण प्रदेशांत रानटी वाढतात; कॉकेशस पर्वत, पश्चिम आशिया, हिमालय व चीन ह्या भागांत त्या विशेष आढळतात. पानें मोठीं व खोलवर कातरलेलीं, दांडा पोकळ व शिरा उठलेला, फुलें बहुधा पांढरीं, आणि फळ चपटें असून त्यावर तेलाच्या काळसर रेघा, असें ह्या वंशाचें सामान्य रूप आहे.

ह्या वंशांतील सर्वच जाति वाईट नाहींत. युरोपच्या कुरणांत वाढणारी एक मध्यम उंचीची जाति शेतकरी पूर्वीं डुकरांस चारीत असत, आणि इंग्रजी भाषेंतील तिचें नांवही डुकरावरूनच पडलें आहे. स्लाव्ह लोक तिचीं पानें व देठ आंबवून त्यांचें आंबट सार करीत. त्या साराचें बोर्श्च हें नांव पुढें बीटाच्या साराकडे गेलें, पण मूळचें तें ह्या वनस्पतीचें होय. इराणांत ह्या वंशांतील एका जातीच्या फळांची पूड गोलपर ह्या नांवानें मसाल्यांत वापरतात व डाळिंबाच्या दाण्यांवर भुरभुरवितात. हिमालयांतील एका जातीच्या मुळांपासून औषधी द्रव्य काढतात. अशा कामाच्या वंशांतल्याच दोन राक्षसी जातींनीं युरोपला पेंचांत घातलें आहे.

दोन राक्षसी जाति

ह्या दोन्ही जाति मूळच्या कॉकेशस पर्वताच्या आसपासच्या. पहिली हेराक्लियम मांतेगाझियानम. ही योग्य जागीं १२ ते १५ फूट उंच वाढते, तिच्या दांड्यावर जांभळे ठिपके व राठ केस असतात, आणि मुख्य फुलोरा दोन फूट वा त्याहून अधिक रुंद होतो. हिच्या भव्य रूपावर लुब्ध होऊन इंग्लंडांतील बागवानांनीं १८१७ च्या सुमारास हिचें बीं आणविलें. अवघ्या ११ वर्षांत, १८२८ सालीं, ती बागेबाहेर रानांत वाढतांना आढळल्याची नोंद आहे. पुढें सरदारांच्या वाड्यांतून, सार्वजनिक बागांतून व नदीकांठांवरून ती पश्चिम व मध्य युरोपांत पसरली. शोभेसाठीं आणलेलें झाड मालकाच्या कुंपणांत राहत नाहीं, हा अनुभव घाणेरी व जलपर्णी ह्यांनीं आपल्यासही दिलेला आहे.

दुसरी जाति हेराक्लियम सोस्नोव्स्की. वनस्पतिशास्त्रज्ञ मान्देनोवा ह्यांनीं १९४४ सालीं ही वेगळी जाति म्हणून वर्णिली व कॉकेशसच्या वनस्पतींचे अभ्यासक सोस्नोव्स्की ह्यांचें नांव तिला दिलें. ही बहुधा तीन ते दहा फूट वाढते. हिची कथा शेतकऱ्याच्या अधिक उपयोगाची आहे. कारण ही कोणी हौसेनें आणली नाहीं, तर वैरणीचें पीक म्हणून पूर्ण विचारानें लाविली.

पीक म्हणून लागवड

दुसरें महायुद्ध संपलें तेव्हां रशियांतील शेती व गुरेंढोरें ह्यांची दैना झाली होती. त्या देशाच्या उत्तर भागांत उन्हाळा अल्प असतो, मका पिकत नाहीं, आणि हिवाळ्याचे दीर्घ महिने गुरें गोठ्यांत बांधून साठविलेल्या चाऱ्यावर जगवावीं लागतात. अशा मुलखासाठीं १९४७ पासून सोस्नोव्स्की जातीची लागवड सुरू झाली. बर्फ वितळतांच ती फुटते, एकदां लाविली म्हणजे प्रतिवर्षीं पेरावी लागत नाहीं, पाला अमाप होतो, आणि रसांत साखर असल्यामुळें मुरघास चांगला मुरतो, हे तिचे गुण प्रयोगांत खरे ठरले. लवकरच लातव्हिया, एस्टोनिया, लिथुएनिया, बेलारूस, युक्रेन येथें व पुढें पोलंडांतही ती नेण्यांत आली. सामुदायिक शेतांवर तिचे विस्तीर्ण पट्टे उभे राहिले.

ह्या योजकांस मूर्ख ठरविणें सोपें आहे, पण तें न्यायाचें होणार नाहीं. त्यांच्यापुढें भुकेलेलीं गुरें होतीं, आणि जें वजन त्यांनीं मोजलें तें खोटें नव्हतें. चूक मोजमापांत नव्हती. काय मोजावें हें ठरविण्यांत होती. त्यांनीं हिरव्या चाऱ्याचें वजन मोजलें, साखर मोजली, कापण्या मोजल्या. बीं कोठें जातें, दुधाला वास येतो काय, कापणाऱ्याच्या कातडीचें काय होतें, आणि शेत सोडून दिलें तर हें पीक काय करील, हे प्रश्न मात्र मागें राहिले. त्यांचीं उत्तरें पुढें एकामागून एक आपोआप मिळालीं.

पहिलें उत्तर गोठ्यांतून आलें. ह्या झाडाला बडीशेपेच्या जातीचा उग्र वास असतो. हा चारा खाणाऱ्या गुरांच्या दुधाला व मांसाला तो वास लागूं लागला. दुसरें उत्तर मजुरांच्या हातांवर उमटलें. त्याचा विचार पुढें स्वतंत्र करूं. ह्या दोन कारणांनीं कित्येक ठिकाणीं लागवड मागें पडली. पण पीक बंद करण्याचा निर्णय माणसांनीं घेतला होता, झाडानें नव्हे. १९९१ सालीं सोव्हिएट संघराज्य मोडलें, त्यानंतर सामुदायिक शेतें एकामागून एक ओस पडलीं, आणि ज्या ठिकाणीं हें पीक दरवर्षीं फुलण्याच्या आंत कापलें जात होतें तेथें तें निर्वेध फुलूं लागलें. ओसाड शेतें, रस्त्यांच्या व लोहमार्गांच्या कडा, ओढ्यांचे कांठ हें सर्व त्यानें व्यापलें. पोलंडांतील लोक त्यास ‘स्टालिनचा सूड’ म्हणूं लागले. रशियानें २०१२ सालीं त्यास मान्य पिकांच्या यादींतून काढलें व २०१५ सालीं तणांच्या यादींत घातलें. युरोपीय संघानेंही २०१६ सालीं सोस्नोव्स्की जाति व २०१७ सालीं मांतेगाझियानम जाति आपल्या उपद्रवी परकीय वनस्पतींच्या यादींत समाविष्ट केली. त्यामुळें त्या देशांत हीं झाडें वाढविणें, विकणें अथवा आणणें मना आहे.

बियांचा हिशेब

हें झाड इतकें कां पसरतें, हें समजण्यासाठीं त्याचें आयुष्य पाहिलें पाहिजे. बीं पडल्यापासून पहिलीं कांहीं वर्षें तें केवळ पानांचा झुबका करून राहतें व मुळांत अन्न सांठवितें. साधारण तिसऱ्या ते पांचव्या वर्षीं दांडा उंच चढतो, एकदांच फुलतो, बीं धरतें आणि झाड मरतें. केळ एकदां घड देऊन संपते, तसाच हा प्रकार. मात्र केळीच्या बुडाशीं पिलें राहतात, तर येथें सर्व भिस्त बियांवर असते. म्हणून बियांची संख्याही मोठी. मांतेगाझियानम जातीचें एक झाड सरासरी सुमारें २०,००० बिया देतें. शिवाय एकट्या झाडाचें त्याच्या स्वतःच्याच परागानें फलन होऊं शकतें; म्हणजे कोसभर अंतरावर दुसरें झाड नसलें, तरी चुकून आलेलें एक रोप पुढें सबंध रान उभें करूं शकतें.

बहुतेक बिया झाडापासून दहा-पंधरा फुटांच्या आंतच पडतात. मग त्या मैलोगणती कशा जातात ? कांहीं वाऱ्यानें बर्फावरून घसरत जातात, कांहीं गाड्यांच्या चाकांना लागून जातात, पण मुख्य वाट पाण्याची. चपटें बीं दोनतीन दिवस पाण्यावर तरंगूं शकतें, आणि तेवढ्या अवधींत ओढा त्यास दूरच्या शेताच्या कांठाला नेऊन लावतो. वरच्या शेतकऱ्यानें हयगय केली तर खालच्या शेतकऱ्यानें कितीही मेहनत केली तरी व्यर्थ जाते, ती ह्याच कारणानें.

आतां ह्या शत्रूचें एक मर्म सांगावयाचें. कांहीं तणांचें बीं मातींत दशकानुदशकें जिवंत राहतें. ह्याचें तसें नाहीं. मांतेगाझियानमचें बीं मातींत पुरून केलेल्या प्रयोगांत एका वर्षानंतर शंभरांतील सुमारें ९, दोन वर्षांनंतर सुमारें ३, आणि तीन वर्षांनंतर अवघें १ बीं जिवंत आढळलें. म्हणजे सलग कांहीं वर्षें एकही नवें बीं पडूं दिलें नाहीं, तर जमीन बव्हंशीं मोकळी होते. उलट एका वर्षीं आळस केला तर मागील श्रम फुकट जातात.

रसाचा गुण

ह्या झाडाचा दांडा मोडला म्हणजे पाण्यासारखा स्वच्छ रस निघतो. तो अंगाला लागला असतां त्या क्षणीं आग होत नाहीं, खाजही सुटत नाहीं, आणि ह्यांतच खरा धोका आहे. ह्या रसांत फ्युरानोकूमरिन ह्या वर्गाचीं द्रव्यें असतात. सोरालेन, बर्गाप्टेन व झँथोटॉक्सिन हीं त्यांतील कांहीं. एकट्या रसानें कातडी अशी भाजत नाहीं. सूर्यप्रकाशांत डोळ्यांस न दिसणारे जे जंबुपार किरण असतात ते रस लागलेल्या कातडीवर पडले म्हणजे हीं द्रव्यें त्यांची शक्ति शोषून घेतात व कातडीच्या पेशींस इजा करतात. सुमारें एक दिवसानंतर लाली येते, दोन-तीन दिवसांत ती वाढून भाजल्यासारखे मोठे फोड उठतात, आणि जखम बरी झाल्यावरही काळसर डाग कित्येक महिने, क्वचित् वर्षें राहतात. अंगाला घाम असेल तर परिणाम अधिक तीव्र होतो. बाह्या वर सारून, घामाघूम होऊन, भर उन्हांत चारा कापणाऱ्या मजुराला ह्याहून वाईट पीक सांपडणें कठीण. मुलांचे हाल त्याहून अधिक. कारण पोकळ दांड्यांच्या नळ्या व दुर्बिणी करून तीं खेळतात आणि तोंडाला व डोळ्यांभोवतीं फोड घेऊन घरीं येतात.

उपाय साधा आहे, पण तो तत्काळ केला पाहिजे. रस लागतांच ती जागा साबण व थंड पाणी ह्यांनीं धुवावी, आणि निदान दोन दिवस ती उन्हापासून झांकून ठेवावी. रस डोळ्यांत गेला असेल तर डोळे भरपूर पाण्यानें धुऊन वैद्याकडे जावें. काम करतांना अंगभर कपडे, हातमोजे व डोळ्यांवर चष्मा असावा. सुती कापड रस शोषून आंत पोंचवितें, म्हणून हातमोजे रबराचे अथवा तत्सम असावे.

आपल्याकडील वैद्यांस हा गुण अगदीं अपरिचित नाहीं. बावचीचें बीं कोडाच्या पांढऱ्या डागांवर लावून त्यांस ऊन देण्याची रीति जुनी आहे, आणि त्या बियांतही सोरालेनच असतें. ईजिप्तमध्यें गाजराच्या कुळांतील अम्मी नांवाच्या एका रानटी वनस्पतीच्या फळांचा ह्याच कामीं उपयोग होत आला, आणि १९४० नंतरच्या दशकांत तेथील शास्त्रज्ञांनीं त्यांतून झँथोटॉक्सिन हें द्रव्य वेगळें काढलें. तेंच द्रव्य वैद्याच्या देखरेखीखालीं मापानें दिलें तर औषध होतें, आणि शेतांत बेमाप अंगावर उडालें तर भाजतें.

जनावरांसही ह्या रसाचा उपद्रव होतो. जेथें केस विरळ असून कातडी फिकट असते, म्हणजे तोंड, नाक व कास, तेथें सूज व फोड येतात. काळ्या कातडीच्या जनावरांस त्रास कमी होतो. तरीही मेंढ्या, बकऱ्या व गुरें हा पाला खातात, आणि संवय झाली म्हणजे आवडीनें खातात. ह्याचा उपयोग नाशाच्या कामीं करून घेतलेला आहे.

नाशाचे उपाय

युरोपांतील अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनीं २००२ ते २००५ ह्या काळांत एकत्र येऊन मांतेगाझियानम व तिच्या जवळच्या जातींचा अभ्यास केला व शेतकऱ्यांसाठीं मार्गदर्शिका काढली. त्यांतील मुख्य उपाय असे :

१. मूळ तोडणें. वसंत ऋतूंत पात्याच्या कुदळीनें जमिनीखालीं चार-पांच इंचांवर मूळ तोडावें व वरचा भाग उपटून वाळूं द्यावा. नवा कोंब ह्या वरच्या भागांतूनच फुटतो. म्हणून जमिनीलगत कापल्यानें झाड मरत नाहीं, खालीं तोडल्यानें मरतें. झाडें थोडीं असतील तेथें हा उपाय सर्वांत खात्रीचा.

२. चराई. मोठ्या क्षेत्रांत वसंतापासून मेंढ्या वा गुरें सोडावीं. आरंभीं इतर गवतही मिळूं द्यावें, म्हणजे एकदम हाच पाला पोटांत जाणार नाहीं. चराई कांहीं वर्षें सलग चालली पाहिजे.

३. नांगरट. शेतजमिनींत खोल नांगरटीनें रोपें मरतात व बीं खोल गाडलें जाऊन त्याचें उगवणें कमी होतें.

४. फुलोरा तोडणें. हा उपाय वेळेवर अवलंबून आहे. फार लवकर तोडल्यास झाड बाजूनें नवे फुलोरे काढतें. उशीर झाल्यास बीं गळून पडतें. फळ धरूं लागतांच तोडावें, तोडलेले फुलोरे गोळा करून जाळावे, कारण तोडलेल्या छत्रीवरही फळ पिकूं शकतें. पुढील आठवड्यांत पुन्हां फेरी मारावी.

नुसती वरवर कापणी मात्र फसवी आहे. कापल्यानें झाड दुबळें होतें, पण मरत नाहीं. तें फुलणें लांबणीवर टाकतें. कुरणांत सतत खुडल्या गेलेल्या झाडांनीं बारा बारा वर्षें वाट पाहून मग फुलोरा काढल्याचें आढळलें आहे. कापल्यावर पुन्हां फुटणें हा ज्या झाडाचा वैरण म्हणून मोठा गुण गणला गेला, तोच त्याचा तण म्हणून मोठा दोष ठरला.

आपल्या मुलखाशीं संबंध

येथें वाचकांच्या मनांत दोन शंका येतील. पहिली, हें झाड आपल्याकडे येईल काय ? ह्याचें बीं रुजण्यासाठीं ओलसर स्थितींत सुमारें दोन महिने कडक थंडी मिळावी लागते. त्यावांचून तें झोपलेलेंच राहतें. दख्खनच्या पठारावर व कोंकणांत अशी थंडी नसते. तेव्हां ह्या विशिष्ट झाडाची धास्ती महाराष्ट्रांतील शेतकऱ्यानें बाळगण्याचें कारण दिसत नाहीं. हिमालयांतील शेतकऱ्यास मात्र तसें म्हणतां येणार नाहीं. तेथें कोणीही शोभेसाठीं हें बीं परदेशांतून आणूं नये.

दुसरी शंका सह्याद्रीच्या रहिवाशांची. पावसाळ्यांत महाबळेश्वर, कास इत्यादि पठारांवर पांढऱ्या छत्र्यांनीं फुलणारी, पंद ह्या नांवानें ओळखली जाणारी एक वनस्पति आहे. डाल्झेल ह्यांनीं १८५० सालीं ती हेराक्लियम वंशांतच घातली होती. पुढें १९८६ सालीं मुखर्जी व कॉन्स्टन्स ह्यांनीं तिचे भेद पाहून तिच्यासाठीं पिंडा हा स्वतंत्र वंश स्थापिला. आज तिचें शास्त्रीय नांव पिंडा कोंकणेन्सिस असें आहे. ही सह्याद्रीची स्वतःची वनस्पति असून जगांत अन्यत्र ती रानटी सांपडत नाहीं. वरील राक्षसी जातींशीं तिचा घोंटाळा करून तिला उपटण्याचा उद्योग कोणी करूं नये.

आणखी एक घोंटाळा नांवाचा आहे. आपल्या पडीक जमिनी ज्यानें व्यापल्या आहेत तें गाजरगवत गाजराच्या कुळांतलें नव्हे. पान गाजरासारखें दिसतें म्हणून तें नांव पडलें. तें सूर्यफुलाच्या कुळांतलें असून मूळचें अमेरिकेंतलें आहे. १९५५ सालीं तें पुण्यांत दिसल्याची नोंद झाली, आणि त्यानंतर बघतां बघतां तें देशभर पसरलें. एक रोप प्रथम दिसतें तेव्हां तें उपटण्यास एक हात पुरतो. वीस वर्षांनीं सरकारचे सहस्र हातही पुरत नाहींत. हेराक्लियमच्या बाबतींत युरोपचा अनुभव हाच आहे.

बोध

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नवीन वैरण कोणी सुचविली तर ती नाकारावी, असें आमचें म्हणणें मुळींच नाहीं. मका व लसूणघास हीं पिकेंही कधीं काळीं आपल्याकडे नवींच होतीं. पण नव्या पिकाची परीक्षा करतांना केवळ हिरवें वजन पाहूं नये. पुढील चार प्रश्न विचारल्यावांचून बियाण्याची पिशवी उघडूं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

पहिला प्रश्न बियांचा. हें पीक बीं धरतें काय, किती धरतें, आणि तें बीं वाऱ्यानें, पाण्यानें वा गुरांच्या शेणांतून दुसरीकडे जातें काय ? संकरित नेपियर गवत ह्या परीक्षेंत उतरतें. यशवंत, जयवंत अशा त्याच्या वाणांस उगवणारें बीं येत नाहीं. त्यांची लागवड ठोंबांपासून होते, म्हणून जेथें लाविलें तेथेंच तें राहतें.

दुसरा प्रश्न मोडणीचा. हें पीक नको झालें तर कसें मोडावयाचें, व त्यास खर्च किती ? लावण्याचा खर्च सर्व सांगतात, मोडण्याचा कोणी सांगत नाहीं.

तिसरा प्रश्न अंगाचा. खाणाऱ्या जनावरास, त्याच्या दुधास, आणि कापणाऱ्या माणसाच्या हातास हें पीक कसें मानवतें ? हें समजण्यास एक हंगाम पुरत नाहीं. प्रथम एका गड्यानें, एका जनावरास, थोडें थोडें देऊन पाहावें.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मालकाची नजर हटली तर हें पीक काय करील ? घरांत आजार येतो, पोरें शहराला जातात, वाटण्यांचे वाद होऊन शेत पडीक राहतें; ह्या गोष्टी प्रत्येक गांवांत घडतात. ज्वारी, मका हीं पिकें अशा वेळीं पुढच्या वर्षीं नाहींशीं होतात. कांहीं पिकें मात्र मालकावांचूनच अधिक माजतात. सुबाभळीचें उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. शेंगा धरण्यापूर्वीं जो ती नियमानें छाटतो त्यास ती पाला देते. जो ती सोडून देतो त्याच्या बांधावर व शेजाऱ्याच्याही बांधावर रोपांची दाटी होते. रशियांतील शेतेंही लागवडीच्या काळांत बिघडलीं नाहींत, कापणारे हात निघून गेल्यावर बिघडलीं.

म्हणून नवें पीक प्रथम एका गुंठ्यावर, ओढ्यापासून व पाटापासून दूर, लावून पाहावें. निदान तीन पावसाळे त्यावर नजर ठेवावी. त्यांतील कांहीं ताटें मुद्दाम न कापतां सोडावीं, बीं किती धरतें तें पाहावें, व गळण्यापूर्वीं तें काढून घ्यावें. प्रत्येक पावसाळ्यानंतर चारी बाजूंचे बांध व खालच्या अंगाची नाळ फिरून आपोआप उगवलेलीं रोपें मोजावीं. हा आंकडा एकरी उत्पन्नाच्या आंकड्याशेजारीं वहींत लिहून ठेवावा, आणि खालच्या बाजूच्या शेजाऱ्यासही तो दाखवावा; कारण पाण्याबरोबर जाणारें बीं प्रथम त्याच्याच शेतांत उतरणार आहे.